विचारल्याशिवाय आत यायचं का? घर, शेत, वाट आणि परवानगी : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कसबा बावडा रोडच्या कोर्टात रोज जी भांडणं येतात त्यातली निम्मीशिम्मी तरी जागेची असतात असं वाटतं, आणि त्यात अनोळखी माणूस क्वचितच असतो, समोर उभा असतो तो शेजारी, चुलत भाऊ, भाडेकरू नाहीतर पलीकडच्या गटाचा शेतकरी. कुणीतरी कधीतरी "जा की, त्यात काय" म्हणून परवानगी दिलेली असते, ती कशासाठी आणि कधीपर्यंत हे कुणीच बोललेलं नसतं आणि वीस वर्षांनी त्यावरनं डोकी फुटतात. म्हणून हे प्रश्न एकत्र करून साध्या भाषेत लिहितोय. शहर आणि जिल्ह्यातले तालुके, दोन्हीकडची माणसं हेच विचारतात.

माझ्या जागेत कुणी न विचारता आलं की लगेच गुन्हा होतो का?

नाही. इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो. न विचारता आत येणं चूक आहेच आणि त्यासाठी दिवाणी कोर्टात जाता येतं, मनाई हुकूम मागता येतो, नुकसान झालं असेल तर भरपाई मागता येते. पण फौजदारी गुन्हा व्हायला त्या माणसाचा हेतू लागतो. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम ३२९ आहे (जुनं ४४१, ४४७, ४४८ ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी आता हे लक्षात ठेवायचं). त्यात म्हटलंय की दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या, धमकवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूनं शिरलं तर तो फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा. राजारामपुरीत पोरांचा बॉल तुमच्या कंपाउंडमध्ये पडला आणि पोरगं भिंतीवरनं उडी मारून आलं तर राग येईल, पण तो गुन्हेगार नाही. तोच माणूस तीनदा सांगूनही रोज येऊन दारात उभा राहून शिव्या देत असेल तर गोष्ट वेगळी.

शिक्षा मोकळ्या जागेसाठी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि राहतं घर, देऊळ किंवा माल ठेवायची इमारत असेल तर कैद १ वर्षापर्यंत जाते. घरात शिरण्यासाठी अख्खा माणूस आत यायला पाहिजे असंही नाही, शरीराचा कुठलाही भाग आत आला तरी ते शिरणंच. दार फोडून किंवा लपूनछपून शिरला तर पुढची कडक कलमं लागतात, आणि सूर्यास्तानंतर असेल तर अजून कडक.

आम्हीच बोलावलं होतं, आता तो जातच नाही. मग काय?

कलमात हेही आहे. आत येताना परवानगी होती पण नंतर त्रास द्यायच्या किंवा धमकवायच्या हेतूनं तिथंच बसून राहिला तरी गुन्हा होतो. पण परवानगी काढून घेतली हे आधी त्याला स्पष्ट सांगा. तोंडी सांगितलं तर साक्षीदारासमोर सांगा, व्हॉट्सॲपवर लिहून टाका, जमलं तर वकिलाची नोटीस द्या. आणि सामान हलवायला, निघायला वाजवी वेळ द्यायचा, हे सुविधाधिकार कायद्यात म्हणजे १८८२ च्या ईझमेंट ॲक्टमध्येच आहे (कलम ६३; दुसऱ्याच्या जमिनीतनं वाट, पाणी न्यायचा हक्क आणि परवानगी याबद्दलचा हा कायदा). आज सकाळी सांगायचं आणि दुपारी सामान रस्त्यावर फेकायचं असं चालत नाही.

पोलीस स्टेशनला गेलो तर "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवलं. खरंय का ते?

कधी खरं असतं, कधी नाही. हद्द कुठं आहे याचाच वाद असेल तर ते खरंच दिवाणी आहे आणि पोलिसांनी त्यात पडूही नये. पण कुणी तुमच्या राहत्या घरात घुसून दमदाटी केली असेल तर ३२९ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायला पाहिजे, आणि मालकीचा वाद कोर्टात चालू आहे एवढ्यानं तो गुन्हा पुसला जात नाही. घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी करून एसपींना पाठवायची, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जायचं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका, पुढं सगळं त्या एका शिक्क्यावर चालतं.

मारामारी होईल अशी परिस्थिती असेल तर अजून एक वाट आहे, याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६४ (जुनं १४५). त्यात कार्यकारी दंडाधिकारी मालक कोण ते बघत नाही, ताबा कुणाचा होता एवढंच बघतो आणि पोलिसांचा रिपोर्ट किंवा माहिती मिळायच्या आधीच्या दोन महिन्यांत कुणाला जबरदस्तीनं काढलं असेल तर ताबा त्याचाच होता असं धरू शकतो.

सातबारा माझ्या नावावर, प्रॉपर्टी कार्ड माझ्या नावावर. मग मी जाऊन कुलूप तोडलं तर माझं काय चुकलं?

चुकलं. हे मी हात जोडून सांगतो सगळ्यांना. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा. कायदा आधी ताब्याला संरक्षण देतो आणि मालकीचं नंतर बघतो. जो माणूस तिथं स्थिरपणे बसलाय, मग तो चुकीनं का बसलेला असेना, त्याला कायद्याच्या वाटेनंच बाहेर काढावं लागतं, सुप्रीम कोर्टानं हे परत परत सांगितलंय. तुम्ही चार माणसं घेऊन जाऊन कुलूप तोडलंत तर तो स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत घेऊ शकतो, आणि त्या दाव्यात तुमचा सातबारा कोर्ट बघणारच नाही, फक्त एवढंच विचारणार की त्याच्या मर्जीशिवाय आणि कायदा सोडून त्याला काढलं का. त्या निकालावर अपीलही नाही. वर तुमच्यावरच गुन्हा. म्हणजे जागा तुमची आणि आरोपीही तुम्ही.

हे उलट बाजूनंही लक्षात ठेवा. तुम्हाला कुणी असं काढलं तर सहा महिने हातात आहेत. "बघू, पंच बसवू, पाहुणेमंडळींना सांगू" करत सहा महिने घालवलेली माणसं येतात तेव्हा फार वाईट वाटतं. सहा महिन्यांनंतर मालकी हक्कावर दावा लावता येतो पण तो लांबतो. आणि कलम ६ सरकारविरुद्ध चालत नाही हेही तेवढंच खरं.

सातबाऱ्याबद्दल अजून एक. तो महसुली रेकॉर्ड आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. खरेदीखत, वाटपपत्र, फेरफार, सगळं जोडून बघावं लागतं.

शेजाऱ्यानं बांध कोरला. दरवर्षी नांगर एक वीतभर आत येतो.

आधी मोजणी. भांडण नंतर. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, दोन्हीकडच्या लोकांना नोटीस जाते, मोजणी होते आणि नकाशाची क प्रत मिळते. ती हातात आल्यावर अर्धी भांडणं तिथंच मिटतात कारण बऱ्याच वेळा दोघांनाही खरी हद्द माहीत नसते, आज्यानं दाखवलेल्या आंब्यावर सगळं चाललेलं असतं. मोजणी होऊनही तो मागं सरकत नसेल तर क प्रत लावून दिवाणी दावा. खुणेचे दगड मात्र तुम्हीही उपटू नका आणि त्यालाही उपटू देऊ नका, हद्दीच्या खुणा नष्ट करणं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत वेगळा दंडाचा विषय आहे.

आमची पाणंद अडवली. ऊस तोडायला आलाय आणि ट्रॅक्टर आत जाईना.

सीझनला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आधी बघायचं की वाट कुठल्या जातीची आहे.

गाव नकाशावर वाट दाखवलेली असेल (दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेघ म्हणजे पायवाट) तर ती कुणा एकाची नाही. तिच्यावर नांगर घातला तरी ती सार्वजनिकच राहते. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार ही वाट धरा आणि नकाशाची प्रत सोबत जोडा.

नकाशावर नाही पण वर्षानुवर्षं तिथनं वहिवाट आहे आणि आत्ता कुणी चर मारला, काटे टाकले, दगड लावले, तर मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ चं कलम ५. तहसीलदारांकडं दावा, मुदत सहा महिने, अडवल्याच्या दिवसापासनं. हा कायदा शंभर वर्षं जुना आहे पण शेतकऱ्यासाठी आजही फार कामाचा आहे. तहसीलदार जागेवर येऊन पंचनामा करतात, अडथळा काढायचा आणि परत अडवू नये असा हुकूम देऊ शकतात. इथं एक बारीक गोष्ट : आधीपासनं वाट होती हे तुम्हाला दाखवावं लागतं, नवी वाट यात मिळत नाही.

शेताला वाटच नाही, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. त्यात दुसऱ्याच्या गटाच्या हद्दीवरनं, म्हणजे बांधावरनं वाट मागता येते. तहसीलदार बघतात की खरंच दुसरी वाट नाही का, समोरच्याचं कमीत कमी नुकसान कशात आहे. निकाल पटला नाही तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. लोक दोन्ही कलमं एकाच अर्जात घालतात आणि मग अर्ज फेटाळला जातो, तेवढं करू नका.

भावाभावांच्या वाटपात मागच्या भावाचा तुकडा कोंडला गेला असेल तर गरजेचा सुविधाधिकार म्हणून ईझमेंट ॲक्ट कलम १३ आहे, पुढच्यानं वाट द्यावीच लागते.

वाट अडवणाऱ्यालाही सांगतो. ज्याला जायचा हक्क आहे त्याला अडवलं की भारतीय न्याय संहिता कलम १२६, गैर अवरोध. खासगी वाट आहे आणि अडवायचा आपल्याला हक्क आहे असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर सूट आहे, पण "प्रामाणिकपणे" हे कोर्टाला पटवावं लागतं.

दरवर्षी मी शेजाऱ्याची उसाची ट्रॉली माझ्या रानातनं जाऊ देतो. उद्या तो हक्क सांगेल का? काहीजण म्हणतात वीस वर्षं झाली की वाट त्याची.

या प्रश्नासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसलो. चांगुलपणा करणाऱ्या माणसाला भीती वाटायला लागली की तो चांगुलपणा बंद करतो आणि मग गावात ऊस वाळतो. तेव्हा नीट समजून घ्या.

वीस वर्षांचा नियम ईझमेंट ॲक्टच्या कलम १५ मध्ये आहे हे खरं (सरकारी जमीन असेल तर तीस). पण नुसती वीस वर्षं पुरत नाहीत. ती वहिवाट उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून केलेली पाहिजे. "हक्क म्हणून" हे शब्द महत्त्वाचे. जो माणूस दरवर्षी येऊन "दादा, यंदा पण ट्रॉली नेऊ का" असं विचारतो तो हक्क म्हणून जात नाही, परवानगीनं जातो, आणि परवानगीनं कितीही वर्षं गेला तरी कलम १५ चा हक्क तयार होत नाही. ही परवानगी म्हणजे कलम ५२ चं लायसन्स. ते त्या माणसापुरतं असतं आणि साधारणपणे कधीही काढून घेता येतं. जमीन तुम्ही विकलीत तर नवीन मालकावर ते बंधनकारकही नसतं.

घोटाळा होतो तो पुराव्यात. तुम्ही परवानगी दिली होती हे तुम्हाला माहीत, त्याला माहीत, पण दोघंही गेले की पोरांना कुणाला काहीच माहीत नसतं, एकजण म्हणतो आम्ही कायम इथनंच जातो, दुसरा म्हणतो आम्ही मेहरबानी केली, आणि कोर्टासमोर दोन्ही तोंडी. म्हणून एक कागद करा. स्टॅम्प पेपर, वकील, काही लागत नाही नुसत्या परवानगीला, वहीचं पान चालतं. एवढंच लिहायचं : "माझ्या गट नंबर अमुक मधून पूर्वेच्या बांधाकडेनं, फक्त ऊस वाहतुकीसाठी, यंदाचा गळीत हंगाम संपेपर्यंत, तुम्हाला ट्रॉली नेण्यास परवानगी देत आहे. यातून वाटेचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. नुकसान झाल्यास भरून द्याल." खाली दोघांच्या सह्या, तारीख, एक साक्षीदार. पुढच्या हंगामाला परत नवीन. शेजारी म्हणेल एवढा विश्वास नाही का, तर त्याला सांगा की हा कागद त्याचाही आहे, त्या हंगामात तुम्ही मधेच काटे टाकले तर तो हाच कागद दाखवेल. वहीचं पान अवघड वाटत असेल तर निदान व्हॉट्सॲपवर मेसेज आणि त्याचं "हो" असं उत्तर.

आणि ज्याला वाट लागते त्यानंही नुसत्या परवानगीवर आयुष्य काढू नये. कायमची वाट हवी तर मोबदला देऊन रजिस्टर दस्त करून घ्या.

पाइपलाइनचं काय? नदीवरनं पाणी आणायला माझ्या शेतातनं पाइप गेलाय.

पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, कुठल्याही काठाला जा, एकाच्या रानातनं दुसऱ्याची पाइपलाइन गेलेली नाही असं गाव सापडायचं नाही. ट्रॉलीपेक्षा हे वेगळं आहे. ईझमेंट ॲक्टचं कलम ६० सांगतं की परवानगीवर विसंबून समोरच्यानं कायमस्वरूपी काम केलं आणि खर्च केला तर ती परवानगी मग काढून घेता येत नाही. म्हणजे तुम्ही "टाक की पाइप" म्हणालात, त्यानं चर खणून कर्ज काढून पाइप पुरला, आता भांडण झालं म्हणून कुदळ घेऊन पाइप फोडायला जाल तर अंगाशी येईल. तेव्हा हो म्हणायच्या आधी विचार करा आणि कुठून, किती खोल, दुरुस्तीला कधी यायचं, पिकाचं नुकसान कोण देणार हे लिहून घ्या. कुणी अजिबात तयार होत नसेल तर जमीन महसूल संहिता कलम ४९ मध्ये दुसऱ्याच्या जमिनीतनं पाट किंवा पाइप न्यायला परवानगी मागायची सोय आहे, भरपाई देऊन.

घरमालक भाडेकरूच्या खोलीत कधीही जाऊ शकतो का? घर तर माझंच आहे.

नाही जाऊ शकत. भाड्यानं दिलं म्हणजे त्या खोलीचा ताबा त्याचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २८ मध्ये मालकाला बघायला जायचा हक्क आहे, पण आधी नोटीस देऊन आणि वाजवी वेळी. तुमच्याकडं डुप्लिकेट चावी आहे म्हणून तो नसताना आत जाऊन सामान बघणं चूक, आणि कॉलेजच्या मुलींना खोली दिलेल्या मालकांना हे मी जरा जास्तच जोरात सांगतो. लाइट किंवा पाणी तोडून बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, कलम २९ खाली तेही मना आहे.

अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करायला लागत नाही असं अजूनही सगळे म्हणतात. चुकीचं आहे. कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन असो की भाडेकरार, लेखी आणि रजिस्टर पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंडाची तरतूद. उलट रजिस्टर लिव्ह अँड लायसन असेल आणि मुदत संपूनही राहती जागा सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाऊन जागा परत मागता येते, आणि तोपर्यंतच्या दिवसांचं दुप्पट शुल्क.

राखणीला ठेवलेला गडी बारा वर्षं राहिला. आता जागा त्याची झाली म्हणे?

नाही झाली. बारा वर्षांचा नियम मालकाच्या विरुद्ध, उघड आणि सलग ताब्यासाठी आहे. जो तुमच्या परवानगीनं राहतो, राखणदार, नातेवाईक, मित्र, त्याचा ताबा तुमच्या वतीनं असतो. सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या एका निकालात हे अगदी स्पष्ट सांगितलंय, कितीही वर्षं राहिला तरी केअरटेकरला जागेत हक्क मिळत नाही. पण परत तेच, त्याला कशासाठी ठेवलंय याचा कागद पाहिजे. पगाराच्या नोंदी, घरफाळ्याच्या पावत्या स्वतःच्या नावानं, वर्षातनं एकदा तरी जागेवर चक्कर. पुण्यामुंबईला गेलेल्या लोकांची गावाकडची घरं यातच अडकतात.

चुलत भाऊ आमच्या वाड्यात घुसतो. त्याच्यावर केस करता येईल?

वाटप झालंय का? नसेल तर तो घुसत नाही, तो त्याच्याच घरात येतोय. एकत्र मिळकतीत प्रत्येक हिस्सेदाराचा प्रत्येक इंचावर हक्क असतो. शिवाजी पेठेतला वाडा असो की करवीर तालुक्यातलं रान, उपाय एकच, वाटपाचा दावा किंवा संमतीनं वाटप. दमदाटी, मारहाण केली तर त्याचा गुन्हा वेगळा.

बहिणींचंही इथंच सांगतो. माहेरच्या जमिनीत किंवा वाड्यात बहीण आली की "तुझा काय संबंध" म्हणून दार लावणारे भाऊ बघितलेत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत वाटेकरी आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील जिवंत असायला पाहिजेत असंही नाही (त्याआधीच रीतसर वाटप होऊन गेलं असेल तर गोष्ट वेगळी). ती परकी नाही. तसंच सून. सासूच्या नावावर घर आहे म्हणून सुनेला रातोरात बाहेर काढता येत नाही, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नं तिला सामायिक घरात राहायचा हक्क दिलाय, तिला काढायचं तर कायद्याच्या रीतीनंच.

पोलीस, महावितरण, महापालिका, वसुलीवाले... यांतल्या कुणाला घरात घ्यावंच लागतं?

पोलीस : अटक करायची असलेला माणूस आत आहे असं वाटायला कारण असेल तर येऊ शकतात आणि तुम्ही दार उघडायचं असतं. झडतीसाठी एरवी वॉरंट लागतं, वॉरंट नसेल तर अधिकाऱ्यानं आधी कारण लेखी नोंदवायला पाहिजे (नागरिक सुरक्षा संहिता कलम १८५). दोन स्थानिक पंच पाहिजेत, तुम्हाला हजर राहायचा हक्क आहे, जप्तीच्या यादीची प्रत मिळाली पाहिजे, आणि नवीन कायद्यात झडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे (कलम १०५). बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची. शांतपणे ओळखपत्र विचारा, अडवाअडवी करू नका, सगळं लिहून ठेवा.

महावितरणचा माणूस मीटर बघायला वाजवी वेळी, तुम्हाला सांगून येऊ शकतो, वीज कायदा २००३ च्या कलम १६३ प्रमाणे. अडवलं तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनी वीज तोडता येते. वीजचोरीची झडती असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय राहत्या घरात, तिथं राहणारा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय करता येत नाही. महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही कायद्यानं तपासणीला येता येतं, पण आधी कळवून, मनाला येईल तेव्हा नाही.

फायनान्सचे वसुलीवाले मात्र पूर्ण वेगळे. त्यांना तुमच्या उंबऱ्याच्या आत यायचा कसलाही अधिकार नाही. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सांगितलंय. "जा" म्हटल्यावरही दारात बसून बायकापोरांना त्रास देत असतील तर तो सरळ ३२९ चा विषय आहे. पतसंस्थेचं वेगळं, कारण सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला मिळवून वसुली अधिकारी रीतसर जप्ती करू शकतो, पण तेव्हाही दाखला आणि नोटीस बघायला मागा. खासगी सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यात कलम १८ खाली जिल्हा निबंधकांकडं अर्ज करता येतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

चोर घरात शिरला तर मारता येतं का?

स्वतःचा, घरच्यांचा आणि मालमत्तेचा बचाव करता येतो, जेवढं गरजेचं तेवढंच बळ वापरून. रात्री घर फोडून शिरला किंवा जिवाला धोका वाटावा अशी परिस्थिती असेल तर कायदा फार पुढपर्यंत संरक्षण देतो. पण चोर पकडून खांबाला बांधला, मग सगळ्या गल्लीनं मिळून मारला, हा बचाव नाही, हा गुन्हा आहे आणि माणूस मेला तर तुमचं आयुष्य गेलं.

शेताच्या कुंपणात करंट सोडणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, सोडू नका. गवा, रानडुक्कर पिकाचा सत्यानाश करतात, आजरा-चंदगडकडं हत्ती येतात, तो त्रास खरा आहे. पण त्या तारेला रात्री पाणी धरायला आलेला माणूस चिकटतो, कधी स्वतःच्याच घरचा. तो तुमच्या रानात न विचारता आला होता हे सांगून सुटका होत नाही, मनुष्यवधापर्यंत गुन्हा जाऊ शकतो. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडं पंचनामा करून भरपाई मागा.

दुसऱ्याची म्हैस माझ्या रानात शिरली.

१८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे. पिकाचं नुकसान करणारं जनावर धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवता येतं, मालकानं फी भरून सोडवायचं. घरी बांधून ठेवून पैसे मागणं किंवा जनावराला मारणं नाही. नुकसानीचे फोटो काढून ठेवा.

पुरात दुसऱ्याच्या घराच्या गच्चीवर चढलो, दार फोडून म्हातारीला बाहेर काढलं. गुन्हा?

नाही. २०१९ आणि २०२१ ला चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं पोरांनी हेच केलं आणि बरं केलं. मोठं नुकसान टाळायला, वाईट हेतू नसताना, प्रामाणिकपणे केलेली अशी गोष्ट गुन्हा नाही, न्याय संहिता कलम १९. जमलं तर फोडायच्या आधी एक फोटो, आणि पाणी उतरल्यावर मालकाला स्वतः जाऊन सांगा. पूर ओसरल्यावर रिकाम्या घरात सामान "बघायला" जाणाऱ्याला मात्र हे कलम वाचवत नाही.

देऊळ, सार्वजनिक विहीर, अशा ठिकाणी कुणाला "आत येऊ नको" म्हणता येतं का?

जातीवरनं तर अजिबात नाही. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१९ मध्येच सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करायचे हुकूम काढले, ज्या गावात ते झालं तिथं आज हा प्रश्न यायलाच नको. आता घटनेचं कलम १७ आहे, ॲट्रॉसिटी कायदा आहे. देवळांसाठी १९५६ चा प्रवेश हक्काचा महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टासमोर हेच ठरलं की जिथं पुरुषाला जायला मिळतं तिथं बाईला बाई म्हणून अडवता येत नाही. वेळ, रांग, गाभाऱ्यात कुणीच जायचं नाही असे सगळ्यांना सारखे नियम मात्र ठेवता येतात.

उलट काही सरकारी जागा अशा आहेत की तिथं परवानगीशिवाय जायचंच नाही. राधानगरी अभयारण्यात (दाजीपूर, १९५८ पासनं) परवाना लागतो, वन्यजीव कायदा कलम २७ आणि २८. आत ज्याची जमीन आहे किंवा जो सार्वजनिक रस्त्यानं जातोय त्याला सूट. रेल्वे रुळावर फिरायला जाणं, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० पर्यंत दंड.

"परवानगीशिवाय आत येऊ नये" असा बोर्ड लावला की पुरतं का?

बोर्डानं नवीन हक्क मिळत नाही, पण समोरच्याला माहीत होतं हे दाखवायला फार उपयोगी पडतो. लावा. गेटवर, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि लावल्याचा तारखेसकट फोटो. पोस्टमन, दूधवाला, पार्सलवाला गेटपर्यंत येणारच, ती न बोललेली परवानगी सगळ्यांनाच असते.

शेजारच्या झाडाच्या फांद्या माझ्याकडं आल्यात.

आधी त्याला सांगा. शहरात असाल तर तोडायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, आपल्या हद्दीतल्या फांद्या असल्या तरी. फांदी तोडायला त्याच्या कंपाउंडमध्ये उतरू नका.

केस करायची तर कुठं आणि काय घेऊन यायचं?

वाट अडवल्याचं तहसीलदारांकडं, ताबा आणि मनाई हुकमाचं दिवाणी कोर्टात, दमदाटीचं पोलीस स्टेशनला. पुढं हायकोर्टात जायची वेळ आली तर आता मुंबईला पळायला लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासनं कोल्हापुरातच सर्किट बेंच चालू झालंय, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचीही माणसं इथंच येतात. वकिलाकडं येताना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, खरेदी किंवा वाटपाचा कागद, मोजणीची क प्रत असेल तर, घरफाळा आणि लाइट बिलं, जागेचे फोटो, आणि समोरच्याशी झालेले मेसेज डिलीट न करता मोबाइल तसाच घेऊन या. अडवलं त्या दिवसाची तारीख एका कागदावर लिहून आणा, मुदत त्या तारखेपासनं मोजतात.